जगायला गेलेली माणसे आणि शासनाचे धोरण

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की मागचे दोन बाक रिकामे दिसत. सातपुड्याच्या उतारावरील वाड्यांतून येणारी ती मुले आईबापांबरोबर नागपूरकडे कापूस वेचायला गेलेली असत. बरेच दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करावे, असा नियम होता. गुरुजी ते नाव कमी करीत नसत. त्यापुढे लाल शाईने, बारीक अक्षरांत 'बाहेरगावी' एवढेच लिहीत. पुढे आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवताना शब्दांच्या अर्थच्छटांविषयी मी पुष्कळ बोललो. पण ह्या एका शब्दाचे मोल मला निवृत्तीनंतर कळू लागले. पाऊस, जमीन आणि पाणी बिघडल्यामुळे जी माणसे गाव सोडतात, त्यांना शासन कोणत्या शब्दाने ओळखते, किंबहुना ओळखते तरी का, हा आजचा विषय आहे. साहित्याच्या माणसाने धोरणाविषयी बोलावे हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु धोरण हेही अखेर शब्दांतच लिहिलेले असते.

प्रथम शब्दांचेच पाहू. घाटावरच्या मराठीत दुष्काळात गाव सोडण्याला 'जगायला जाणे' म्हणतात. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे 'कमवाले गेला' असे म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या दोन्ही प्रयोगांत जाणाऱ्याचा हेतू आहे, त्याचा मान शाबूत आहे. आपल्या राज्याच्या हिंदी कागदपत्रांत मात्र ह्याच गोष्टीला 'पलायन' म्हणतात. हिंदीत तो शब्द रूढ आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण मराठी कानाला 'पलायन' म्हटले की रणांगणातून पळालेला शिपाई नाही तर कोठडीतून निसटलेला चोर आठवतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) ह्या कादंबरीच्या शेवटी दुष्काळाने अख्खी वाडी उठून जाते. ते वाचून कुणालाही ती माणसे पळाली असे वाटत नाही.

शासनाने ह्या विषयाकडे प्रथम पाहिले ते भीतीपोटी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधून माणसांचे लोंढे बाहेर पडले, लाखो माणसे दगावली. त्या वेळी दुष्काळी कामांवरील मजुरी ठरविण्यासाठी व्हाइसरॉयने सर रिचर्ड टेंपल ह्यांना पाठविले. हेच टेंपल १८६० च्या दशकात आपल्या मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांनी पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला ते पुरते की नाही, हे सांगायला आहारशास्त्रज्ञ नको. मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी, १८७७ मध्ये, जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली.

त्यानंतर स्ट्रेची आयोग नेमला गेला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. आजही आपल्या दुष्काळनिवारणाच्या हाडामासांत ती संहिता आहे, म्हणून तिच्यातील दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी : दुष्काळ येतो आहे हे ओळखण्याच्या ज्या खुणा अधिकाऱ्यांना सांगितल्या होत्या, त्यांत धान्याच्या वाढत्या किमती, वाढत्या चोऱ्या आणि माणसांचे नेहमीपेक्षा वेगळे, निरुद्देश भटकणे ह्यांचा समावेश होता. म्हणजे गाव सोडणारा माणूस हा शासनाच्या लेखी लक्षण होता, जसा ताप हे रोगाचे लक्षण असते. दुसरी गोष्ट, कसोट्यांची. मदत खऱ्या गरजूलाच मिळावी म्हणून काम अंगमेहनतीचे असावे, मजुरी जगण्यापुरतीच असावी आणि ते घरापासून लांब असावे, अशी त्या काळच्या प्रशासनाची विचारसरणी होती. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात हे अंतर दहा मैलांहून अधिक ठेवण्याचे धोरण होते. भटकणाऱ्यांना थांबवायचे, आणि मदत हवी तर मात्र घर सोडून छावणीत राहायला लावायचे! ह्यातील विसंगती त्या हुशार अधिकाऱ्यांच्या ध्यानात आली नसेल, असे मला वाटत नाही.

मध्यप्रांताने ह्या संहितेची परीक्षा १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत पाहिली. १८९१ ते १९०१ ह्या दशकात प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मेले किती आणि आसामच्या चहामळ्यांकडे किंवा अन्यत्र गेले किती, ह्याचा हिशेब खानेसुमारीच्या एका आकड्यात विरघळून गेला.

आता एकदम १९७२ वर येतो, कारण मधल्या काळात कल्पनेच्या पातळीवर फारसे नवे घडले नाही. त्या वेळी मी नागपूरला शिकत होतो. १९७३ च्या उन्हाळ्यात बहिणीच्या सासरी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गेलो असताना रस्त्याच्या कडेने खडी फोडणाऱ्या माणसांची रांग पाहिली. एस. टी. बराच वेळ चालत होती आणि रांग संपत नव्हती. त्यांत आमच्या वयाची मुले होती, पाटलांच्या घरच्या बाया डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसल्या होत्या. त्या वर्षी, मे महिन्यात, महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन ती जगली. १८७७ सारखे मृत्यू झाले नाहीत, हे शासनाचे आणि त्या बायांच्या हातांतील हातोड्याचे यश म्हटले पाहिजे. तरीही मुंबई-पुण्याकडे जाणारे थांबले नाहीत. मुंबईतल्या ज्या झोपड्यांची १९७६ मध्ये गणना होऊन फोटोपास वाटले गेले, त्यांतील काही ह्याच दुष्काळाने वसविलेल्या होत्या. गावी असताना जो दुष्काळग्रस्त होता, तो दादरला उतरताच झोपडपट्टीवासी झाला.

त्या दुष्काळातून एक नवी कल्पना मात्र निश्चित निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, आपल्या तासगाव भागात, 'मागेल त्याला काम' ह्या विचाराचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. तोच पुढे रोजगार हमी योजना झाला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, आणि काम शक्यतो आपल्याच पंचायत समितीच्या क्षेत्रात, ही त्याची चौकट होती. संहितेने काम लांब नेले होते. पाग्यांनी ते जवळ आणले. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने ते पाच किलोमीटरच्या आत आणले आणि त्यापलीकडे काम दिल्यास दहा टक्के जादा मजुरीची तरतूद केली. दहा मैलांपासून पाच किलोमीटरपर्यंत येण्यास शासनाला सव्वाशे वर्षे लागली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर ह्याच कामांतून बांध घातले, शेतीसाठी कूपनलिका खोदण्यावर बंदी घातली, ऊस घेणे थांबविले आणि दरवर्षी पाण्याचा जमाखर्च मांडला. तेव्हा गाव सोडून गेलेली बरीच कुटुंबे परतली. दुष्काळी काम म्हणजे केवळ पोटाला आधार, हा समज त्या गावाने खोटा ठरविला.

येथे आपल्या सौंसरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो. छिंदवाडा जिल्ह्यात होतो, ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहोत. पण सावनेर, नरखेड आणि आपण ह्यांच्यात आभाळ एकच आहे, संत्र्याचा आंबिया बहार एकच, बोलीही एकच. तरी १९७९ पासून पुढली पंचविसाहून अधिक वर्षे नरखेडच्या मजुराला कायद्याने काम मागता येत होते आणि सौंसरच्या मजुराला येत नव्हते. केळवदच्या अलीकडे विनंती होती, पलीकडे हक्क होता. आपल्याकडे ती हमी पोचली २००६ ते २००८ ह्या टप्प्यांत, राष्ट्रीय कायद्याबरोबर. मधल्या काळात आपली माणसे सीमा ओलांडून कुठे गेली, ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण उरत नाही. १९९४ पासून मध्य प्रदेशात पाणलोट क्षेत्र विकासाचे राजीव गांधी मिशन चालले हे खरे. पण मिशन म्हणजे कायदा नव्हे.

ह्या हमीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मजुरी उशिरा मिळते आणि भुकेला उधारी चालत नाही. मुकादम मात्र रोख उचल घरी आणून देतो. म्हणूनच १९७९ नंतरही बीड जिल्ह्यातून लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातच राहिली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची गणती हत्याराने होते, ह्यावर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचार करावा. हे स्थलांतर निसर्गामुळे होते असे आपण सहज म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील जमिनीचा अगदी थोडा भाग व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो. पाणी जिकडे नेले तिकडे ऊस गेला आणि ऊस जिकडे गेला तिकडे कोरड्या गावची माणसे गेली. त्यांना ओढणारा कालवा शासनाचाच आहे. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहे आली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाला चालना मिळाली आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये, तितकेच सरकारचे, असा त्याचा निधी ठरला. हे व्हायला अशी पाहणी व्हावी लागली, ह्याची मला शरम वाटते.

मराठीत 'ग्रस्त' हे एक उत्तरपद आहे. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त, दुष्काळग्रस्त. व्याकरणात त्याचा अर्थ 'ग्रासलेला' एवढाच. पण तहसील कार्यालयात ह्या चार अक्षरी-पाच अक्षरी शब्दांवर घर मिळते, जमीन मिळते. डोंगर कोसळून २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले, तेव्हा नवे गाव बांधून दिले गेले. रायगडमधील तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटनांनंतरही पुनर्वसनाची कामे हाती घेण्यात आली. ओडिशात समुद्राने गिळलेल्या सातभाया गावाची माणसे बागापाटिया येथे वसविली गेली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी, नद्यांच्या व किनाऱ्याच्या धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनास १,००० कोटी रुपये वेगळे काढण्याची शिफारस केली. ह्या सर्वांत एक समान गोष्ट आहे : जमीन डोळ्यांदेखत नाहीशी झाली. जेथे जमीन जागेवर आहे, फक्त तिच्याखालचे पाणी दरवर्षी काही हात खाली जाते, तेथून उठणाऱ्या माणसासाठी 'ग्रस्त' असलेला शब्द नाही. कोसळलेले गाव शासनाला दिसते. सुकत गेलेले गाव दिसत नाही.

दिसत नाही, कारण मोजण्याचे माप जमिनीचे आहे. आपल्याकडे गारपीट झाली, पाऊस फसला, की पटवारी येतो आणि राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे नुकसानीचा पंचनामा होतो. खसऱ्यात नाव असलेल्याला मदत मिळते. ह्याविषयी मी परक्यासारखे बोलू शकत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका फाल्गुनात आमच्या मळ्यावर गारा पडल्या. संत्र्याच्या आंबियाची सारी फळधारणा झडली, गहू आडवा झाला. पंचनामा झाला आणि पुढे काही महिन्यांनी वडिलांच्या नावाने मदतीची रक्कम आली. फार नव्हती, पण आली. आमच्याकडे चौदा वर्षे राहिलेला सालदार होता. गव्हाची कापणी नाही, संत्र्याची तोड नाही, म्हणून पाडव्याला वडिलांनी त्याचे साल पुढे धरले नाही. गारा आमच्या आणि त्याच्या डोक्यावर सारख्याच पडल्या होत्या. तो बायको-मुलांना घेऊन नॅरोगेजच्या गाडीने नागपूरकडे गेला. एका वीटभट्टीवर आहे, असे कुणीसे सांगितले. मी त्या वेळी दुष्काळ आणि ग्रामीण साहित्य ह्या विषयावर एका चर्चासत्रासाठी निबंध लिहीत होतो. भट्टी नागपूरजवळच होती आणि मी नागपूरलाच राहत होतो. पण मी तिकडे गेलो नाही. तो निबंध छापला गेला, त्याची प्रशंसाही झाली.

दुष्काळ जाहीर होण्याची रीतही जमिनीचीच. अनेक वर्षे आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ, असे चाले. आणि ती ठरेपर्यंत खरीप संपून माणसे निघून गेलेली असत. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळ जाहीर करण्यातील ह्या दिरंगाईवर कठोर भाष्य केले. त्याच वर्षी केंद्राची दुष्काळ नियमावली सुधारली गेली आणि पर्जन्य, जमिनीतील ओल, पिकांची हिरवळ असे निर्देशांक आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेले जात होते. गाडी पाणी घेऊन आली खरी. पण परतीच्या वाटेवरील गाड्यांतून कोण गेले, ते कुणी टिपून ठेवले नाही.

जगातही ह्याहून स्थिती फार वेगळी नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत ह्यांमुळे छळ होणाऱ्यालाच आश्रयाचा हक्क आहे. अवर्षण छळ करते, पण ते त्या यादीत बसत नाही. भारत तर त्या कराराचा सदस्यच नाही. किरिबाटी ह्या बेटाच्या एका नागरिकाने समुद्र वाढतो आहे म्हणून न्यूझीलंडमध्ये राहू द्यावे अशी मागणी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्याचे म्हणणे फेटाळले. मात्र जिवाला धोका असलेल्या स्थितीत परत पाठविणे हा हक्कभंग ठरू शकतो, हे तत्त्व मान्य केले. ऑस्ट्रेलिया आणि तुवालू ह्यांच्यात २०२३ मध्ये झालेला करार पुढच्या वर्षी अमलात आला आणि दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तेथे जाण्याची वाट मिळाली. ह्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. तथापि पर्यावरणामुळे उठणारी बहुसंख्य माणसे समुद्र ओलांडीत नाहीत, ती जिल्हा ओलांडतात. त्यांना परदेशाचा परवाना नको, पुढच्या गावात रेशन हवे.

आणि ह्या बाबतीत धोरण खरोखर पुढे सरकले आहे. पूर्वीचा सारा भर माणसाला गावातच थांबविण्यावर होता. मला तो अपुरा वाटतो. गव्हाच्या कापणीला नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारे चैतुआ हे काही धोरण फसल्याची खूण नव्हेत. ती सातपुड्याची जुनी रीत आहे, आणि तिला अलीकडे धक्का दिला तो पावसाने जितका तितकाच कापणीयंत्राने. जाणे वाईट नाही. उचल घेऊन, कागदाविना, मतदानाविना, मुलाची शाळा बुडवून जाणे वाईट आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा ह्यासाठीच होता. पण ठेकेदाराने नोंद करावी ह्या अपेक्षेवर तो उभा होता आणि ठेकेदार नोंद करीत नसे. पुढे तो २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला. २०२० च्या टाळेबंदीत पांढुर्ण्याच्या रस्त्याने माणसे उत्तरेकडे पायी निघाली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी त्यांना भाकरी-पाणी दिले. ती माणसे कोणत्याही वहीत नव्हती. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आलेली 'एक देश, एक शिधापत्रिका' ही सोय आणि २०२१ चे ई-श्रम नोंदणीचे काम ह्या दोहोंनी प्रथमच हक्क माणसाच्या पावलांबरोबर चालू लागला. सारे सुरळीत आहे असे नव्हे. कधी अंगठा जुळत नाही, कधी दुकानदार नको म्हणतो. तरी दिशा योग्य आहे. उलट डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला, त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, परंतु पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आली आणि राज्यांवरील खर्चाचा भार वाढला. ज्या वर्षी पेरणीच होणार नाही त्या वर्षी मजुराने त्या साठ दिवसांत काय करावे, हा प्रश्न मी कायदेतज्ज्ञांवर सोपवितो.

शेवटी पुन्हा नोंदवहीकडे येतो. आपल्या जनगणनेत स्थलांतराचे कारण विचारले जाते. १९९१ च्या प्रश्नावलीत नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह ह्यांबरोबर 'अवर्षण, पूर आदी नैसर्गिक आपत्ती' असे एक कारण होते. २००१ मध्ये ते गाळले गेले. त्यानंतर दुष्काळाने उठलेला माणूस 'काम' ह्या रकान्यात गेला किंवा 'इतर' मध्ये. त्याची स्त्री 'कुटुंबाबरोबर' ह्या रकान्यात गेली. ज्या गोष्टीला रकाना नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात शीर्ष निघत नाही, हे सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेला आपला कोणताही माजी विद्यार्थी सांगेल. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. फेब्रुवारी महिना म्हणजे ऊसतोडीचा भर, वीटभट्ट्यांचा भर. आपल्या तालुक्यातील कोणकोणत्या घरांना तेव्हा कुलूप असते आणि ती माणसे कुठे असतात, हे गावातील शाळामास्तरला नेमके ठाऊक असते. आणि दारोदार जाणारा प्रगणक बहुधा तोच असतो.